त्रेचाळिसावा प्रश्न

१७ नोव्हेंबर १९५८, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी एक काम गळ्यात पडलं. हेडमास्तरांनी मधल्या सुट्टीत बोलावून सांगितलं की यंदाचं शाळेचं हस्तलिखित ‘आपल्या भागातले सैनिक’ या विषयावर काढायचं. चिंचवडच्या आसपासच्या गावांतून दोन्ही महायुद्धांत जाऊन आलेली माणसं आहेत. त्यांच्या मुलाखती मी घ्यायच्या, मुलींनी त्या सुवाच्य अक्षरात उतरवायच्या आणि सव्वीस जानेवारीला त्या सैनिकांना शाळेत बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं. “इतिहास तुमचाच विषय, सुमनताई,” एवढं बोलून ते चहाच्या बशीकडे वळले.

इतिहास माझा विषय आहे हे खरं, पण माझा इतिहास १८१८ साली संपतो. त्यापुढचं मी शिकवते ते धड्यात असेल तेवढंच. दोन्ही महायुद्धांची सालं पाठ आहेत. कारणं विचारलीत तर पहिल्याला एका राजपुत्राचा खून आणि दुसऱ्याला हिटलर. एवढ्या शिदोरीवर खऱ्या सैनिकापुढे वही उघडून बसायचं म्हणजे फजितीच. आधी अभ्यास करायचा, मग तोंड उघडायचं, असं ठरवलं आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

पुण्याच्या ग्रंथालयातून दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणली. एकेक पुस्तक म्हणजे उशीला घ्यावं एवढं. सकाळपासून मी पहिल्या महायुद्धात आहे, मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात. आपल्या मराठा पलटणी तिथे होत्या हे मला आज कळलं, आणि मी सहा वर्षं इतिहास शिकवते आहे.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. घरमालकीण गोजाबाई वांगी निवडत शेजारी बसल्या होत्या. त्यांना बसरा दाखवलं तर म्हणाल्या, “माझ्या नथीतलं मोती तिथलंच हाय की.” चिंचवडबाहेर फारशा न गेलेल्या बाईला बसरा ठाऊक आणि मला आज नकाशात शोधावं लागलं.

संध्याकाळपर्यंत प्रश्नांची यादी झाली. बेचाळीस प्रश्न, लाल शाईत, क्रमांकासकट. पलटण कोणती, बोट कुठून निघाली, बंदूक कोणत्या बनावटीची, सगळं ओळीने. मला स्वतःचाच अभिमान वाटला. दोनदा वाचून काढली.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिली मुलाखत रंगरावांची. ते पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात फाटकावर पहारेकरी आहेत, चाळिशीतले, मिशांना पीळ. दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. मी पहिला प्रश्न विचारला आणि त्यांनी बेचाळीसच्या बेचाळीस प्रश्नांची उत्तरं न विचारता देऊन टाकली, शिवाय माझ्या यादीत नसलेल्या साठ-सत्तरांची. तिथली माणसं पोकळ शेवया खातात. एका म्हातारीला यांनी पिठलं करायला शिकवलं आणि तिने यांना मुलगा मानलं. नदी ओलांडताना शेजारचा मित्र गेला, तेवढं मात्र त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि पुन्हा शेवयांवर आले.

मध्येच मी त्यांची एक तारीख दुरुस्त केली. पुस्तकाप्रमाणे ती लढाई चार दिवस आधी झाली होती. ते शांतपणे म्हणाले, “असंल बाई. आमच्याकडं कॅलेंडर न्हवतं.”

निघताना त्यांनी एक नाव दिलं. रावेतचे कोंडीराम हवालदार. पहिल्या महायुद्धातले, एकशेदहाव्या मराठा पलटणीतले, मेसोपोटेमियात कुत-अल-अमाऱ्याला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडलेले. वय त्रेसष्ट-चौसष्ट. रंगराव म्हणाले, खरा जुना गडी तो, आमी त्याच्यापुढं पोरं; पण तो बोलायचा नाही. मी मनात म्हटलं, नीट प्रश्न विचारणारं कुणी भेटलं नसेल.

७ डिसेंबर, रविवार

चिंचवड स्टेशनाबाहेर बिरूचा टांगा केला आणि रावेतला गेले. हवालदारबाबा ओसरीवर वाट बघत उभे होते. उंच, ताठ, पागोटं पांढरंशुभ्र. मला पाहून ते पुढे आले, मी नमस्काराला हात जोडले, आणि ते माझ्या बाजूने सरळ टांग्याच्या घोड्याकडे गेले. बगलेतल्या फडक्यातून गूळ-भाकरी काढली, तुकडे करून घोड्याला भरवली, धोतराच्या सोग्याने त्याचे डोळे पुसले, आणि मग मला म्हणाले, “या बाई, बसा.” मला तोवर कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. बिरू हसत म्हणाला, रावेतचा रस्ता धरला की माझ्या हिऱ्याला चाबूक लागत नाही.

मुलाखत झकास सुरू झाली. एक ते सतरा प्रश्नांची उत्तरं कवायतीसारखी नेमकी. बसऱ्याला बोटीतून उतरले तेव्हा जमीन तव्यासारखी तापलेली. खजूर एवढा की कुणी विचारत नव्हतं. यांच्याकडे कप्तानाच्या घोडीचं दाणापाणी असायचं. त्या घोडीबद्दल ते बोलायला लागले, चेहरा खुलला होता, पण माझा अठरावा प्रश्न बंदुकांचा होता, म्हणून त्यांना वळवून आणलं. अशा वेळी मुलाखत घेणाऱ्याने लगाम सोडू नये. एकोणिसावा प्रश्न वेढ्याचा. तो ऐकला आणि ते गाय सोडायला उठले. परत आले तर म्हणाले, “पुढं काय. पकडलं, तुर्कांनी दोन वर्सं राबवलं, सुटलो, आलो.” पाच महिन्यांचा वेढा, एका लढाईवर पुस्तकात दोनशे पानं, आणि यांचं एवढंच.

त्यांची बायको सगुणाबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे मात्र बोलणं भरपूर. पुढच्या मंगळवारी चंपाषष्ठी. माळावर खंडोबाची जत्रा असते, या म्हणाल्या. देवाच्या पालखीचा पुढचा दांडा खांद्यावर घ्यायचा मान पिढ्यान्‌पिढ्या यांच्या घराचा. पण बाबा लढाईहून आले ते गुडघा धरूनच. देवळाच्या अकरा पायऱ्या चढवत नाहीत म्हणून त्यांनी मान चुलतभावाला, मालोजींना दिला. त्याला चाळीस वर्षं होत आली. आता मालोजींना दम्याने गाठलंय. त्यांनी सांगून टाकलंय की हे शेवटचं साल. पुढल्या वर्षी बाबांनी दांडा घेतला नाही, तर मान दुसऱ्या घरात जाणार. बाबांना मुलगा नाही, मुली सासरी. सगुणाबाई हे सांगताना भाकरी थापत होत्या आणि तव्यावरची भाकरी दोनदा करपली.

येताना एक गंमत पाहिली. यांची शेळी दोर तोडून मागच्या टेकाडावर पळाली आणि बाबा तिच्यामागे पळत वर गेले. मी मोजलं नाही, पण अकरा पायऱ्यांपेक्षा ते नक्कीच जास्त होतं. गुडघ्यांचं मला काही समजत नाही. थंडीत दुखत असतील, उन्हात बरे असतील.

१० डिसेंबर, बुधवार

कुतचं प्रकरण वाचून संपवलं. एकशे सत्तेचाळीस दिवसांचा वेढा. धान्य संपलं, तेव्हा तोफखान्याचे आणि रिसाल्याचे घोडे मारून खायची पाळी आली. गोऱ्या शिपायांनी खाल्ले. आपल्या लोकांनी कितीतरी आठवडे तोंड फिरवलं आणि उपासाने पडू लागले. मग त्यांच्यासाठी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली गेली. शेवटी शेवटी बहुतेकांनी खाल्लं. हे पुस्तकात चार ओळींत आहे, त्या मी वहीत उतरवून घेतल्या.

हवालदारबाबांना बोलतं करायला हेच हवं होतं. अगदी नेमका, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला मुद्दा. यादीत त्रेचाळिसावा प्रश्न घातला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

१६ डिसेंबर, मंगळवार, चंपाषष्ठी

हे लिहायचंच नव्हतं. पण वही कुणाला दाखवायची नाही, तर तिच्याशी तरी खोटं कशाला बोलायचं.

शाळा सकाळची होती. दुपारी गोजाबाईंबरोबर माळावर गेले. भंडाऱ्याने माणसंच काय, झाडंसुद्धा पिवळी झाली होती. सगुणाबाई ताटात दोन नारळ घेऊन पायऱ्या चढत होत्या. घरटी एक नारळ असतो असं गोजाबाई म्हणाल्या, म्हणून मला वाटलं काही नवस असेल. मालोजी खोकत खोकत पालखीचा दांडा खांद्यावर घेऊन आले. पितळी घोड्यावर बसलेला देव, सगळे ‘येळकोट’ म्हणताहेत, आणि बाबा खाली टांग्यांपाशी एकटे उभे. मी खाली उतरून त्यांच्याकडे गेले. रंगराव होते, रावेतची दहा-पंधरा माणसं होती, मला सगळे ओळखीने हसले. मला वाटलं, वा, मैफल जमली.

आणि मी सगळ्यांसमोर विचारलं, “बाबा, कुतच्या वेढ्यात आपल्या लोकांनी शेवटी घोडे खाल्ले असं पुस्तकात आहे. ते खरं का?”

बाबांचा चेहरा असा झाला की तो मला विसरता येणार नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “कुनी लिवलंय?” मी म्हटलं, इंग्रजांनी. त्यांनी मान हलवली, वळले आणि रावेतच्या वाटेला लागले. लांब ढांगा टाकत. मला वाटलं, गर्दीत विचारलं म्हणून रागावले. मी तर त्यांच्या मागून ओरडले सुद्धा की पुढच्या रविवारी येते.

घरी आल्यावर गोजाबाईंनी पाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि मग माझ्यासमोर बसून विचारलं, “तुमच्या कोकनात खंडोबा न्हाई का गं?” मी म्हटलं, आमची कुलदेवी वेगळी, आणि आमच्याकडे घोडा औषधालाही नसतो. तेव्हा त्या म्हणाल्या, “देवाचा घोडा, सुमन. त्या घरानं देवाचा घोडा खाल्ला, असं तू जत्रंत इचारलंस.”

मला रडूही येईना. भाकरी, गूळ, पुसलेले डोळे, न चढलेल्या पायऱ्या. सगळं मी माझ्या हाताने या वहीत लिहिलेलं होतं, आणि एक शब्द मला कळला नव्हता.

१८ डिसेंबर, गुरुवार

रंगराव शाळेच्या फाटकावर आले. मला वाटलं ओरडतील, तर उलट माझी समजूत घालायला लागले. म्हणाले, इटलीत आम्ही डबे खाल्ले, वर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, आणि घरी कुणी विचारलं नाही म्हणून निभावलं. पण बातमी चांगली आणली नव्हती. रावेतमध्ये काही जण म्हणू लागले आहेत की पुढच्या सालापर्यंत थांबायचं कशाला, मान आत्ताच बाबांच्या घरातून काढा, आणि मालोजींकडूनही. बाबा घराबाहेर पडत नाहीत. सव्वीस जानेवारीला येणार नाही असा निरोप त्यांनी रंगरावांकडेच दिला.

आज सातवीच्या तासाला मी प्लासीची लढाई शिकवली. दोनदा चुकले. मुलींनी कौतुकाने दुरुस्त केलं.

२१ डिसेंबर, रविवार

माफी मागायला रावेतला गेले. हिरा वेशीपासूनच वेगात निघाला, पण ओसरीवर कुणी नव्हतं. घोडा दारात उभा राहून आत बघत राहिला. थोड्या वेळाने सगुणाबाई फडक्यात भाकरी घेऊन आल्या आणि त्यांनीच ती घोड्याला घातली. बाबा मळ्यात होते. भेटणार नाहीत म्हणाल्या.

मी चुलीपुढे बसून रडले. मला स्वतःचाच राग आला होता. सगुणाबाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, “मला ठावं हाय ते, बाई. पैल्यापासनं.”

बाबा लढाईवरून आले त्याच्या पुढच्या वर्षी साताऱ्याकडचा त्यांचा एक सोबती भेटायला आला होता. बाबा शेतात होते. त्याने याच चुलीपुढे बसून सगळं सांगितलं, सगुणाबाईंनी ऐकलं, आणि बाबा आल्यावर दोघांपुढे भाकऱ्या वाढल्या. तेवढंच. तेव्हापासून त्या रोज एक भाकरी जास्त थापतात.

“रोज एक कमी भरती, ती कुठं जाती, मला दिसत न्हाई व्हय?” त्या म्हणाल्या. “पर त्यांनी सांगितलं न्हाई, तवा मी इचारलं न्हाई.”

दरसाल चंपाषष्ठीला त्या दोन नारळ नेतात. एक घराचा, आणि एक ‘त्यांच्या’ नावाचा. नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत, देवाला मनात सांगतात. मला म्हणाल्या, मला माहीत आहे हे यांना सांगू नका. चाळीस वर्षं एका घरात दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली, आणि मी दहा दिवसांत ती जत्रेत वाचून दाखवली.

मी विचारलं, बाबांचा सगळ्यात मोठा सल कोणता. त्या म्हणाल्या, तो साताऱ्याचा सांगत होता, साहेबांनी फसवलं असं सगळ्यांना वाटायचं. काहीतरी तार आल्याचं सांगून खायला घातलं.

मी तशीच उठले. तार माझ्या पुस्तकात होती.

२८ डिसेंबर, रविवार

पुस्तक घेऊन गेले. प्रश्नांची यादी घरीच ठेवली.

सगुणाबाईंनी बाबांना गोठ्यातून हाताला धरून आणलं आणि स्वतः आत गेल्या. बाबा खांबाला टेकून बसले, माझ्याकडे न बघता. मी माफी मागितली. ते म्हणाले, तुमची काय चूक, तुम्ही लिहिलेलं वाचलंत. मग मी विचारलं, तारेबद्दल वाचून दाखवू का. पहिल्यांदाच त्यांनी वर पाहिलं.

मी इंग्रजी ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंना विचारणं झालं होतं, अशा संकटात खाल्लं तर दोष नाही असं त्यांच्याकडून कळलं होतं, आणि तेच शिपायांना सांगण्यात आलं. त्यांनी तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा पुस्तक हातात घेऊन ते अक्षरांवरून बोट फिरवत राहिले, जरी त्यांना इंग्रजी येत नाही.

“सायेब म्हनला तवा आमी हसलो,” ते म्हणाले. “भुकेल्या मानसाला फसवायला कुनीबी तार काढील. म्हंजी तार खरी व्हती.”

“खरी होती, बाबा.”

“बरं झालं कळलं.” त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं. “पर तांबडी बी खरी व्हती.”

तांबडी ही त्यांच्या कप्तानाची घोडी. जिच्याबद्दल ते सांगू लागले आणि मी त्यांना बंदुकांवर आणलं, ती. दाणा घालताना ती त्यांच्या पागोट्याचं टोक चावायची. दाणा संपला तेव्हा त्यांनी आपल्या वाटणीचं पीठ तिला दिलं, दोन आठवडे. मग एक दिवस तिची पाळी आली. दोर सोडून तिला त्यांनीच नेलं, कारण दुसऱ्या कुणामागे ती जात नव्हती. त्याच्या नंतर आठ दिवस त्यांनी काही खाल्लं नाही, आणि नवव्या दिवशी खाल्लं. “जगायचं व्हतं,” ते म्हणाले. “घरी नवी बायकू व्हती.”

आतून भांड्याचा आवाज आला. मी वही उघडली नव्हती, तरी मी एक शब्दही विसरलेले नाही.

मी विचारलं, हे हस्तलिखितात लिहू का, की सोडून देऊ. त्यांनी विचार करून सांगितलं, तुम्ही लिहिलंत तर लोक म्हणतील बाईनं लिहिलं, बाईनं खोडलं. मग उठले आणि हिऱ्याला भाकरी घालायला गेले. म्हणजे होय की नाही, ते मला कळलं नाही.

१४ जानेवारी १९५९, बुधवार, संक्रांत

बिरूने रावेतहून तिळगुळाचा डबा आणला आणि निरोप. बाबा सव्वीस तारखेला येणार आहेत, आणि बोलणार आहेत. हेडमास्तर खूश. मी बिरूला निरोप पुन्हा सांगायला लावला. रावेतचं निम्मं गाव येणार म्हणे, मालोजींसकट. मुली हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावर तोफ काढताहेत. तोफेचं तोंड चुकून आमच्या शाळेकडे झालंय, पण शाई वाळली.

२६ जानेवारी, सोमवार

आज लिहून ठेवायलाच हवं.

झेंडावंदन झालं. शाळेचं पटांगण भरलं होतं. आधी रंगराव बोलले. ते पोकळ शेवयांवर आले तेव्हा हेडमास्तरांनी घड्याळ काढलं, आणि त्यांनी ते पाहून नदी दोन वाक्यांत ओलांडली. मग बाबा उठले. छातीवर दोन पदकं, पागोटं शुभ्र. बायकांच्या बाजूला सगुणाबाई डोक्यावरचा पदर ओढून खाली बघत बसल्या होत्या.

बाबांनी आधी मुलींना कवायतीचा एक हुकूम मोठ्याने देऊन दाखवला. पहिल्या रांगेतल्या दोघी खरंच उठून उभ्या राहिल्या. सगळे हसले. ते हसू ओसरायच्या आत त्यांनी बोलायला सुरुवात केली.

“चंपाषष्ठीला बाईंनी मला इचारलं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं,” ते म्हणाले. “खरं हाय. आमी खाल्लं. मी खाल्लं. तार आलती, ती खरी व्हती, पर ती मला गेल्या महिन्यात कळली. मी खाल्लं ते भुकेनं. म्हनून मी देवाच्या पायरीवर पाय ठेवला न्हाई. माझा गुडघा कवाच दुखला न्हाई. मालोजीला मी खोटं सांगितलं. आता काय करायचं ते तुमी ठरवा.”

आणि ते बसले. मला वाटलं, आता कुणी एक शब्द वाईट बोललं तर मी काय करीन मलाच माहीत नाही.

मागच्या रांगेतून मालोजी उठले. खोकला थांबेपर्यंत सगळे वाट बघत राहिले. मग त्यांनी सदऱ्याची गुंडी काढून उजवा खांदा उघडा केला. तिथे घट्टा होता, चांगला लिंबाएवढा.

“चाळीस वर्सं,” ते म्हणाले. “चाळीस वर्सं मी त्यो दांडा वाह्यला, तुझा गुडघा दुखतो म्हनून. थंडीत तुझ्या गुडघ्याला मी एरंडाचं तेल धाडायचो. आन तुझा गुडघा दुखत न्हाई?”

बाबा उठून उभे राहिले, शिपाई साहेबापुढे राहतो तसे.

“घोड्याचं तू आन देव बघून घ्या,” मालोजी म्हणाले. “तो मोठा धनी हाय, त्याला भूक म्हंजी काय ते कळतं. पर दांडा आता तुझा. पुढल्या सालापासनं चाळीस वर्सं. मी मेलो तरी मोजनार.”

आधी बिरू हसला. मग रंगराव. मग सगळं पटांगण. ज्यांनी मान काढायच्या गोष्टी केल्या होत्या ती माणसंही हसत होती. एकाने काहीतरी शुद्धीचं काढलं, तर मालोजींनी त्याला विचारलं की तू धरतोस का दांडा, ये, खांदा दाखव. तो बसला. हेडमास्तरांनी घाईघाईने शाली वाटल्या, आणि गोंधळात मालोजींनाही एक दिली, जरी ते सैन्यात कधी नव्हते. कुणी हरकत घेतली नाही.

बाबांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी शाळेच्या भिंतीआड जाऊन रडले, आणि या वेळेला मला फार बरं वाटलं.

१ फेब्रुवारी, रविवार

बाबांना पुढच्या चंपाषष्ठीपर्यंत धीर निघेना. आज खंडोबाचा वार, म्हणून सकाळीच निरोप आला की माळावर या.

मी आणि गोजाबाई पोचलो तेव्हा बाबा पायऱ्यांपाशी उभे होते. मालोजी वर जाऊन देवळाच्या कठड्यावर बसले होते आणि तिथूनच लवकर या म्हणून हाका मारत होते. बिरूचा हिरा भाकरी खाऊन झाडाखाली उभा. बाबांनी पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावला, मग सगुणाबाईंच्या ताटाकडे बघून थांबले. ताटात हळद, फुलं आणि एकच नारळ होता.

“एकच?” त्यांनी विचारलं. “दरसाली दोन असत्यात की तुझं.”

सगुणाबाईंनी पदर सावरला. “दुसरा तुमचा व्हता,” त्या म्हणाल्या. “आता तुमी आलाय, तुमचा तुमी न्या.”

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, मी दुसरीकडे बघत होते आणि गोजाबाई नथीशी चाळा करत होत्या. मग ते शेजारच्या पालावर गेले आणि नारळ घ्यायला लागले. चार-पाच हलवून, कानाशी नेऊन, एक निवडला. मालोजी वरून ओरडले की लग्नाची खरेदी आहे का. बाबा परत आले, सगुणाबाईंच्या शेजारी उभे राहिले, आणि दोघं आपापला नारळ घेऊन चढू लागले. अकराव्या पायरीवर सगुणाबाईंना दम लागला, तेव्हा त्या थांबल्या आणि बाबाही थांबले.